पूर्णविरामापर्यंत

२ मार्च, सोमवार

आजपासून रेवाची शाळा बंद आणि माझी सुरू.

सकाळी साडेनऊला तिला हॉलमध्ये फळ्यासमोर उभं केलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरून काम करायचं तरी बनियनवर करू नये, हे मी चौदा वर्षं माझ्या टीमला सांगत आलो. रेवा पावणेसहा वर्षांची आहे. युकेजी संपत आलं तरी तिला 'घर' आणि 'गर' यांतला फरक कळत नाही. शाळेच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलंय, 'मुलगी गोड आहे, वाचनासाठी तिला थोडा वेळ द्या.' असल्या वाक्यांचा अर्थ मला कोणी शिकवायला नको. मी स्वतः लोकांबद्दल अशी वाक्यं लिहिली आहेत. माणूस कामाचा नसला की आधी तो गोड आहे असं लिहायचं असतं.

गौरीशी जे ठरलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको. मुदत ३१ मे. त्या दिवशी रेवाने कधी न पाहिलेला मजकूर, कोणाच्या मदतीशिवाय, मोठ्याने वाचून दाखवायचा. जमलं, तर पहिली घरीच, माझ्याकडे. नाही जमलं, तर जूनमध्ये ती शाळेत आणि मी अंबरपेठला मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात. गौरी दुकान हा शब्द बोलली नाही. "तोवर दादाकडे जाऊन बस," एवढंच म्हणाली. बँकेतली बाई आहे, शब्द जपून खर्च करते.

ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं कारणही लिहितो. जानेवारीत मला कामावरून काढलं. व्हिडिओ कॉलवर एक अनोळखी बाई समोरच्या कागदावरून वाचत होती. माझं आडनावसुद्धा तिला नीट उच्चारता आलं नाही. चार मिनिटांत आटोपलं. त्याआधीच्या दोन वर्षांत मी अकरा जणांना काढलं होतं, पण प्रत्येकाला समोर बसवून, आधी कौतुक करून. एकही रडला नाही. मला काढायचं होतं तर निदान मला ओळखणाऱ्या माणसाने काढायचं होतं. पुण्याला आईला अजून सांगितलेलं नाही. गौरी आणि रेवा सकाळी गेल्या की या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं बसायची मला भीती वाटते. आता रेवा तरी घरी असेल.

३ मार्च, मंगळवार

पद्धत अशी ठरवली आहे. रोज साडेनऊला उभ्याने बैठक. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, या तीन प्रश्नांची तीन उत्तरं. बसायचं नाही, बसलं की माणूस पसरतो.

रेवाची आजची उत्तरं: काल पोळी खाल्ली, आज पोळी खाणार, अडचण भेंडी.

मला हसू आलं. मी तोंड फिरवून हसलो आणि मग फळ्यावर पाचपैकी दोन गुण लिहिले. पहिल्याच दिवशी ढील दिली की पुढे आवरत नाही.

९ मार्च, सोमवार

आठवड्याचा आढावा. सरासरी दोन. तक्ता फ्रिजवर लावला आहे, येता-जाता तिच्या नजरेला पडावा म्हणून. एक नियम वाढवला: वाक्य सुरू केलं की पूर्णविरामापर्यंत थांबायचं नाही. कोणी हाक मारो, बेल वाजो. मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. तिला सवय आहे, एक शब्द वाचायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?

दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुताई दुपारी लिंबाचं लोणचं द्यायला आल्या. नारायणगुड्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, जुन्या हैदराबादी. रेवाला फळ्यापाशी उभी बघून म्हणाल्या, "अरे संदेश, पोट्टीला कायकू उभी केली शिपायासारखी? मांडीवर घेऊन वाच ना रे तिला काहीतरी. पोरं ऐकून ऐकून शिकतात."

मी हो हो म्हणालो. तीस वर्षं मांडीवर घेऊन शिकवलं म्हणूनच यांच्या शाळेत शेवटी पोरं उरली नाहीत.

२० मार्च, शुक्रवार

काल पाडवा होता म्हणून अर्धी सुट्टी दिली. तेवढ्यात 'क'ची बाराखडी विसरली.

तिच्याकडे कापडी ससा आहे, कान लोंबलेला. तो घेतल्याशिवाय ती झोपत नाही. आज तो कपाटावर ठेवला. बाराखडी आली की खाली. रडली नाही, फक्त कपाटाखाली जाऊन मान वर करून उभी राहिली. गौरी बँकेतून आल्यावर म्हणाली, "ससा दे रे तिचा." मी म्हणालो, "आपलं ठरलंय, पद्धतीत तू पडायचं नाहीस." ती डबा घासायला आत गेली. तिला दिवसभर बँकेत लोकांचं ऐकून घ्यावं लागतं, घरी आल्यावर भांडायचं त्राण तिच्यात उरत नाही. हे मला सोयीचं आहे, हेही लिहून ठेवतो.

३ एप्रिल, शुक्रवार

आजच्या बैठकीत रेवाने विचारलं, "बाबा, तुला ऑफिसात गुण कोण द्यायचं?"

"माझे साहेब."

"तुला किती मिळायचे?"

मी चार म्हणालो. शेवटच्या वर्षी दोन मिळाले होते. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. पोर काही वाकड्यात शिरून विचारत नव्हती, मला ठाऊक आहे.

आज तिला एक दिला. वाचन वाईटच होतं.

या आठवड्यात तीनदा अंथरूण ओलं. गौरी म्हणते, दोन वर्षांनी पहिल्यांदाच. उन्हाळा आहे, पाणी जास्त पिते.

२७ एप्रिल, सोमवार

आमच्याकडे भांडी-फरशीला यादम्मा येते. आज मुलीला घेऊन आली. "सार, बच्ची को इधर बिठाऊं क्या? इस्कूल को छुट्टी है, घर पे कोई नै." मुलीचं नाव मल्लेश्वरी. सात वर्षांची, सरकारी शाळेत तेलुगूत शिकते. अंगाने काटकी, डोळे मोठे. मी म्हणालो, बसू दे बाल्कनीच्या दाराशी, मध्ये बोलायचं नाही.

रेवा तिला पाच मिनिटांत 'अक्का' म्हणायला लागली. तेलुगूत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. दोघी हैदराबादी हिंदी आणि तेलुगू मिसळून काहीतरी बोलतात आणि खिदळतात. दोन महिन्यांत रेवाला असं खिदळताना मी ऐकलं नव्हतं.

मला एक कल्पना सुचली. टीममध्ये एकच माणूस असला की त्याला आपण मागे आहोत हे कळत नाही. शेजारी दुसरा बसवला की आपोआप पळायला लागतो.

८ मे, शुक्रवार

मल्लेश्वरीने थक्क केलं. तिला मी काही शिकवलेलं नाही. दाराशी बसून, रेवाला शिकवलेलं ऐकून बारा दिवसांत तिची मुळाक्षरं झाली. तेलुगूत क, ख, ग याच क्रमाने येतात, असं ती म्हणाली, फक्त आकार निराळे. आज फळ्यावर 'मामाचा मळा' लिहिलं. रेवा अडखळली. मी मल्लेश्वरीला उठवलं. घडाघडा वाचलं. तिला मराठी बऱ्यापैकी समजतं, आमचं बोलणं ऐकून.

मी रेवाला शांतपणे म्हणालो, "बघ. हिची ही भाषासुद्धा नाही."

मग कपाटावरून ससा काढला आणि सगळ्यांसमोर मल्लेश्वरीला बक्षीस दिला. ती घेईना. "नको सार, रेवाचा आहे," असं मराठीत म्हणाली. मी तिच्या पिशवीत घातला. वाटलं होतं, रेवा आता पेटून उठेल. रेवा तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "अक्का, त्याला या कुशीवर झोपवायचं. तिकडचा कान दुखतो त्याचा."

ईर्ष्या नावाची गोष्ट या मुलीत नाही. कुठून आली ही माझ्या पोटी!

१२ मे, मंगळवार

कळलं की मल्लेश्वरी ससा रोज पिशवीतून परत आणते आणि मी जेवायला बसलो की दोघी पडद्यामागे त्याच्याशी खेळतात. पिशवी तपासली. बक्षीस दिलं की ते घेणाऱ्याचं होतं, ते असं वाटून खायचं नसतं. मल्लेश्वरीला सांगितलं, यापुढे ससा घरीच ठेवायचा. तिने मान खाली घातली. उद्धट नाही, एवढं मात्र म्हणायला हवं.

१६ मे, शनिवार

जमलं! जमलं! रेवा वाचते आहे!

गेले तीन दिवस हळूहळू सुधारणा होती. आज पुस्तकातली सबंध पाच वाक्यं. व्हिडिओ काढून पुण्याला आईला पाठवला. आईचा लगेच फोन, "अरे, ऑफिस सांभाळून एवढं कसं करतोस रे तू?" मी म्हणालो, वेळ काढायचा असतो. मेहुण्यालाही पाठवला. त्याने अंगठा दाखवला. दाखवू दे. टाइल्स तूच वीक म्हणावं.

रेवाला आयुष्यातले पहिले पाच गुण दिले. तिने ते जाऊन मल्लेश्वरीला दाखवले.

१९ मे, मंगळवार

झालं ते क्रमाने लिहितो.

मी रेवासमोर खुर्चीत बसतो. मल्लेश्वरी माझ्या पाठीमागे, बाल्कनीच्या दाराशी. आज समोरच्या बंद टीव्हीकडे लक्ष गेलं. त्याच्या काळ्या काचेत मला मी दिसलो आणि माझ्या पाठीमागे ती पोर. हातात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत, आणि ओठ हलतायत. आवाज नाही, फक्त ओठ. रेवा पुस्तकावर बोट फिरवत होती आणि बघत होती अक्काच्या तोंडाकडे.

मी पुस्तक मिटलं. मल्लेश्वरीला स्वयंपाकघरात पाठवून दार लावलं. फळ्यावर 'बदक' लिहिलं. रेवा म्हणाली, "बस." 'कमळ' लिहिलं. बराच वेळ बघून म्हणाली, "अक्का कुठे आहे?"

आईला पाठवलेला तो व्हिडिओ. मेहुण्याने बघितलेला तो व्हिडिओ.

मी ओरडलो नाही. मी कधीच ओरडत नाही. गुडघ्यावर बसून तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "रेवा, तू मला फसवलंस."

"फसवलंस म्हणजे काय?"

"अक्का तुझ्याकडून जे करून घेत होती, ते."

"अक्काने फसवलं नाही. अक्का म्हणाली, तू वाचलंस की बाबा रागवत नाहीत."

बारा दिवस उरले आहेत.

२० मे, बुधवार

नवा नियम. मल्लेश्वरी यादम्माबरोबर स्वयंपाकघरात. दार बंद. रेवाला सांगितलं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला लागलीस की दार उघडेन. दिवसभर दाराकडे तोंड करून बसली. जेवली नाही.

२२ मे, शुक्रवार

तिनेच विचारलं, "बाबा, 'अक्का' कसं लिहितात?" लिहून दाखवलं. अर्ध्या 'क'ला पूर्ण 'क' कसा चिकटतो ते पाच मिनिटांत तिच्या डोक्यात बसलं. मग म्हणाली, "'अक्का ये' लिही." लिहिलं. "'अक्का बाहेर ये' लिही." दहा वेळा वाचलं, दाराला तोंड लावून, मोठ्याने. आतून काही उत्तर आलं नाही, कारण मी यादम्माला तशी ताकीद दिली होती.

२४ मे, रविवार

खरोखर वाचते आहे. टीव्ही बंद, दार बंद, मल्लेश्वरी आज आलेलीही नाही. मी ताजी वाक्यं लिहितो आणि ती अक्षराला अक्षर जोडत वाचते. हळू, पण स्वतः. अडीच महिने मी हिच्यापाशी डोकं फोडलं आणि पाच दिवसांत हे. शेवटी धाकच कामाला येतो. इंदुताईंना बोलावून दाखवलं पाहिजे.

मला आनंद झालाय, खूप. मी गॅलरीत जाऊन एकटाच हसत होतो. टाइल्सच्या दुकानाच्या स्वप्नाने गेले कित्येक दिवस मला पहाटे जाग येत होती, आज आली नाही.

२६ मे, मंगळवार

कबूल केल्याप्रमाणे दार उघडलं. दोघी एकमेकींना अशा बिलगल्या की जसं काही वर्षांनी भेटतायत. मल्लेश्वरी म्हणाली, "मैं सुनी. तू 'बाहेर ये' पढी ना, मैं अंदर से सुनी."

संध्याकाळी इंदुताई आल्या. रेवाने चार ओळी वाचल्या. छान म्हणाल्या, पण मग पुस्तक मल्लेश्वरीच्या हातात दिलं. तिने पान उलटून पुढची गोष्टच वाचून टाकली, हसण्याच्या जागी हसून. इंदुताईंनी तिला जवळ ओढलं. "संदेश, ही पोट्टी हिरा आहे बघ. हिला सोडू नक्को. दोघींना जोडीने बसव, तुझी पण हिच्या मागोमाग धावेल."

गौरी दारातच होती. हसून म्हणाली, "म्हणजे सरांची एक विद्यार्थिनी तरी पहिल्या नंबराने पास!"

सगळे हसले. रेवासुद्धा टाळ्या वाजवत होती. मी पण हसलो.

यादम्माने जाताना विचारलं, जून में भी शाम को आई तो चलेगा क्या सार, इसका मन लग गया इधर. मी म्हणालो, बघू.

२८ मे, गुरुवार

दोन दिवस विचार करतोय. मल्लेश्वरीला कमी करायला हवं.

कारणं भावनेची नाहीत. एक, रेवा तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक वाक्य वाचून झालं की तिच्याकडे बघते, माझ्याकडे नाही. दोन, ३१ तारखेला ती खोलीत असली तर गौरी म्हणेल, हिनेच सांगितलं असेल. तीन, जिने एकदा फसवलं ती पुन्हा फसवेल. बारा जूनला तिची शाळा सुरू होईल तेव्हा ती आपोआप यायची थांबेल, असंही कोणी म्हणेल. पण आपोआप थांबणं आणि आपण थांबवणं यांत फरक आहे.

तिने ते पान उलटून वाचलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे कसे झाले होते, ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझी मुलगी शेजारी उभी होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. हेही एक कारण आहे. लिहून टाकलं.

३० मे, शनिवार

मजकूर तयार आहे. गौरीला शंका होती की मी रेवाकडून पुस्तक पाठ करून घेईन. म्हणून मी म्हणालो, पुस्तक नकोच. उद्या सकाळी मी एक चिठ्ठी लिहीन. जगात कोणीच वाचलेली नाही, मग पाठ कुठून होणार? गौरीला पटलं. ती म्हणाली, "हे बरं सुचलं तुला." इंदुताईंनाही बोलावलं आहे. त्यांना वाटतंय, मुलीने आईला लिहिलेलं काहीतरी गोड असेल.

चिठ्ठी रेवाकडून मल्लेश्वरीला आहे. बराच विचार करून हे ठरवलं. वाईट बातमी परक्याने देऊ नये, जवळच्या माणसाने द्यावी, समोर, स्वतःच्या तोंडाने. माझ्या वाट्याला जे आलं ते मी त्या पोरीच्या वाट्याला येऊ देणार नाही. शिवाय रेवालाही कधीतरी जबाबदारी घ्यायला शिकलंच पाहिजे. एका कामात तिन्ही कामं होतात.

भाषा मऊ ठेवली आहे. सुरुवात कौतुकाने. दोनच जोडाक्षरं घेतली, त्यातलं एक तिला चांगलं येतं:

'अक्का, तू छान वाचतेस. पण आता मला तुझी गरज नाही. उद्या येऊ नकोस. मला हाक मारू नकोस. मी एकटी वाचणार आहे. रेवा.'

झोपण्याआधी रेवाने विचारलं, "बाबा, मी उद्या एकपण चूक केली नाही तर काय देशील?"

"तुला काय हवं?"

"जूनमध्ये पण अक्का."

मी म्हणालो, बघू. हो म्हणालो नाही. माझ्या बोलण्यात फसवणूक कुठेही नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

३१ मे, रविवार

अकरा वाजता सगळे हॉलमध्ये. गौरी सोफ्यावर, इंदुताई खुर्चीत चहा घेऊन. यादम्माला मी स्वयंपाकघरातून मुद्दाम बोलावलं, म्हणजे तिला वेगळं सांगायला नको. ती ओले हात पुसत दारात उभी राहिली. मल्लेश्वरी खाली, रेवाच्या पायाशी. टीव्हीवर मी चादर टाकली होती.

मी चिठ्ठी दिली. रेवाने नवा फ्रॉक घातला होता. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा उजळला. "अक्का!" तो तिचाच शब्द. मल्लेश्वरी हसली.

"तू छा... न वा... च... तेस." इंदुताई म्हणाल्या, "वा!"

"पण आता म... ला तु... झी ग... र... ज... गरज ना... ही."

गौरीने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे. "रेवा, थांब," ती म्हणाली.

रेवा थांबली नाही. पुढचं वाक्य सुरू झालं होतं. आई पुन्हा "रेवा, बास, थांब" म्हणाली तशी पोरीने आवाज आणखी चढवला, कपाळाला आठ्या घालून, बोट कागदावर दाबून. "उद्... उद्या ये... ऊ न... कोस." मी इतकी एकाग्रता मोठ्या माणसांत बघितलेली नाही. मल्लेश्वरीला तिच्याबरोबर ओठ हलवायची सवय आहे. आजही हलत होते, रेवाच्या किंचित मागून. 'येऊ नकोस'पर्यंत हलले. मग मिटले.

"म... ला हाक मा... रू न... कोस. मी ए... क... टी वाच... णार आहे. रेवा!"

शेवटी स्वतःचं नाव बघून ती उडालीच. लालेलाल झाली होती. "झालं! बाबा, एकपण चूक नाही ना? अक्का, मी वाचलं! आता तू जूनमध्ये पण येणार!"

मल्लेश्वरी उठून आईकडे गेली. यादम्माने तिला तेलुगूत विचारलं, काय झालं. मल्लेश्वरीने सांगितलं, हळू आवाजात, एकेक वाक्य तेलुगूत करून, काही न गाळता. मुलगी खरंच हुशार आहे. यादम्माने ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं, मग रेवाकडे. "ठीक है सार," म्हणाली, आत जाऊन राहिलेली भांडी घासली, आणि मुलीचा हात धरून गेली. इंदुताईंनी चहा अर्धा टाकला. चपला घालून निघून गेल्या.

गौरी म्हणाली, "संदेश, तिच्या तोंडून?" मी तिला कारणं सांगायला लागलो तर ती बेडरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. रागावली आहे. पण मजकूर न पाहिलेला होता, मदत कोणाची नव्हती, चूक एकही नव्हती. अट पूर्ण झाली आहे, हे तिला नाकारता येणार नाही. मी दुकानात बसणार नाही. तीन महिन्यांचं चीज झालं.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. अक्षरं जोडण्यात रेवाचं सगळं लक्ष जातं, त्यामुळे वाचताना अर्थ तिच्यापर्यंत पोचत नाही. तो मागाहून येतो.

दुपारी जेवण झाल्यावर ती दाराशी जाऊन बसली होती. मग चिठ्ठी घेऊन जमिनीवर पालथी पडली. पुन्हा बोट ठेवून वाचायला लागली, या वेळी मनातल्या मनात. मी खुर्चीतून बघत होतो. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन वाचत होती. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. शेवटपर्यंत गेलं आणि तिच्या नावावर बराच वेळ राहिलं.

ती उठून माझ्याजवळ आली. चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवली.

"बाबा, हे मी अक्काला म्हणाले?"

मी म्हणालो, "हो. आणि एकही चूक न करता."